बिऱ्हाडाला जागा

मराठीत ‘बिऱ्हाड’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. भाड्याने घेतलेली जागा म्हणजे बिऱ्हाड, आणि त्या जागेतली माणसं, त्यांची भांडीकुंडी, अंथरुणं-पांघरुणं, देव्हारा हे सगळं मिळूनही बिऱ्हाडच. ‘वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय’ असं म्हणताना आपण माणसांबद्दल बोलतो, ‘बिऱ्हाड बदललं’ म्हणताना जागेबद्दल. विंचवाचं तर पाठीवरच असतं. भाषेने जागा आणि कुटुंब यांची फारकत केलेली नाही. मुंबईने मात्र ती फार लवकर केली. या शहराने माणसं बोलावली ती बहुतेक एकेकटी. त्यांच्या बिऱ्हाडांना जागा करावी हा विचार बराच नंतर सुचला, आणि तोही एका रोगाच्या धास्तीने.

गेल्या वर्षी बडोद्याची नोकरी सोडून मी मुंबईत आले. बरोबर आई आणि आठ वर्षांची लेक. मुलाबाळांच्या घराला भाड्याने राहायला कोणतं उपनगर बरं, असं ज्याला त्याला विचारत होते. उत्तरं जवळजवळ ठरलेली होती. परवडत असेल तर हिंदू कॉलनी, माटुंगा, पार्लं. नसेल तर मुलुंड. अगदीच नसेल तर डोंबिवली. मराठी माणूस असो की तमिळ, यादी तीच. मी इतिहास शिकवते, त्यामुळे एखादी गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असली की ती पहिल्यांदा कोणी ठरवली, हे बघायची खोड आहे. घर शोधता शोधता हेही शोधत गेले.

सुरुवात १९०१ च्या जनगणनेपासून करू. त्या साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका सहाशेच्या थोड्याच वर होत्या. गिरणीत, गोदीत, रेल्वेत काम करणारा माणूस गावाकडे बायकामुलं ठेवून यायचा, एका खोलीत दहाजणांबरोबर पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा आणि शिमग्याला किंवा गणपतीला घरी जायचा. ज्यांनी कुटुंब आणलं, त्यातले बहुसंख्य एका खोलीत राहत. खोलीत मोरी, दाराबाहेर सामाईक गॅलरी, आणि टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास. या शहरात कुटुंब असणं हीच मुळात चैन होती.

त्याआधी पाच वर्षं, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं होतं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडल्या, आणि सरकारला पहिल्यांदा कामगारांच्या घरांची काळजी वाटू लागली. १८९८ मध्ये कायदा करून मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोग कोंदट हवेत आणि ओलीत वाढतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून दाट वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवायची. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातलेच रस्ते. ट्रस्टने आधी पाडलं फार आणि बांधलं कमी, हा आरोप तेव्हाही झाला आणि तो खरा होता. घरं पाडलेल्यांसाठी ज्या चाळी बांधल्या त्यांना आजही बीआयटी चाळी म्हणतात.

उत्तरेची मोकळी जमीन म्हणजे दादर, माटुंगा, वडाळा, शीव. भातखाचरं, वाड्या, ताडमाड. ट्रस्टने जमिनी संपादन करायला विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरुवात केली, पण खरी बांधकामं पहिल्या महायुद्धानंतरची. कागदावर योजना विलायती होती. आखीव रस्ते, झाडं, मोकळ्या बागा, आणि बागेत टुमदार बंगले. प्रत्यक्षात बंगला बांधण्याइतका पैसा असलेला माणूस मलबार हिल सोडून दादरला येईना. आला तो कारकून, मास्तर, टायपिस्ट, रेल्वेतला हिशेबनीस. त्याला विकत काही घ्यायचं नव्हतं, भाड्याने राहायचं होतं. मग भूखंड लांब मुदतीच्या पट्ट्याने घेणाऱ्यांनी त्यावर दोन-तीन मजली इमारती उभ्या केल्या आणि प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या जागा काढल्या. या भागाचा अभ्यास करणाऱ्या निखिल राव यांनी आपल्या पुस्तकाचं नावच ‘हाउस, बट नो गार्डन’ ठेवलं आहे. बंगल्याची बाग गेली. राहिली ती सगळ्यांची मिळून, पाच उद्यानांची आणि शिवाजी पार्कची. मला विचाराल तर हा सौदा मुलांच्या फायद्याचाच झाला.

या नव्या जागेला मराठीने नाव दिलं ‘ब्लॉक’. आता हा शब्द जरा जुना वाटतो, फ्लॅट म्हणतात. पण माझ्या आईच्या पिढीला ‘दादरला ब्लॉक आहे त्यांचा’ हे वाक्य पुरेसं होतं, पुढे पगार सांगायची गरज नसे. ब्लॉक आणि चाळीतली खोली यांच्यात फरक खोल्यांच्या संख्येचा कमी आणि संडासाचा जास्त. ब्लॉकमध्ये तो घरात असतो. वाचायला हे क्षुल्लक वाटेल, पण रात्री ताप आलेल्या मुलाला घेऊन, पावसात, गॅलरीच्या टोकापर्यंत गेलेल्या बाईला विचारा. पहाटे रांग नको, पाळीच्या दिवसांत सगळ्या मजल्यासमोरून ये-जा नको. कुटुंबवत्सल उपनगर म्हणून आपण ज्याला म्हणतो त्याची सुरुवात माझ्या मते बागेपासून नाही, इथून होते. ट्रस्टने रस्त्यांबरोबर गटारं टाकली आणि पाण्याने धुतला जाणारा संडास घरात आणता आला.

तो घरात आला तरी तो साफ करणारा माणूस घरात यायला नको होता. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला बघा. लोखंडी गोल जिना दिसतो, थेट न्हाणीघरांच्या मागच्या दारांपर्यंत चढणारा. आता बहुतेक ठिकाणी तो गंजलाय, कुठे त्यावर मनीप्लांट सोडलाय. सफाई कामगाराने पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून तो केला होता. पुढच्या दाराला पितळी पाटी आणि मागे हा जिना, अशी ती इमारत एकदम बांधली गेली.

ब्लॉक झाल्यावर गावाकडची कुटुंबं यायला लागली, आणि कुटुंबं आली की शाळा लागते. इथे माटुंगा फार शिकवून जातो. पालघाट, तंजावर, तिरुनेलवेलीकडून आलेले तरुण आधी एकेकटेच होते. इंग्रजी लघुलेखन आणि टंकलेखन शिकून आलेले, मेसमध्ये जेवणारे, तिघे-चौघे मिळून राहणारे. मग लग्नं झाली, बायका आल्या. १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. देऊळ आलं. भाजी गल्लीत केळफूल, शेवग्याच्या शेंगा आणि केळीची पानं मिळायला लागली. तरी एकट्यांचा ओघ थांबला नव्हता; रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, आणि बोर्डिंग हा शब्दच सांगतो की ते कोणासाठी होतं. मराठी बाजूला तोच क्रम. हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज शाळा, आजचं राजा शिवाजी विद्यालय. १९३७ मध्ये रुईया कॉलेज, १९४० मध्ये बालमोहन. खालसा कॉलेजही १९३७ चंच. पार्ल्यात टिळकांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. चाळीवर मराठीतलं सर्वांत लाडकं पुस्तक लिहिणारे पु. ल. देशपांडे याच उपनगरात वाढले आणि याच शाळेत शिकले, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

म्हणजे यादी अशी तयार झाली. पाणी, संडास, शाळा, चालत जाता येईल असं स्टेशन, आणि आपल्या भाषेत भाव करता येईल असा बाजार. शंभर वर्षांनी मीही नेमकं हेच विचारत होते.

आणि एक गोष्ट या यादीत न लिहिता असायची. शेजार. ट्रस्टमध्येच इंजिनियर असलेल्या मंचेरजी एदलजी जोशी यांनी आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि दादर पारसी कॉलनी उभी राहिली. शेजारची हिंदू कॉलनी नावातच काय ते सांगते. त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, गावदेवीला श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी काढली होती. हजारो गृहनिर्माण संस्थांची ही आजी. कल्पना उदार होती: घरमालकाच्या मर्जीवर राहण्यापेक्षा भाडेकरूंनीच मिळून मालक व्हावं. पण ‘मिळून’ म्हणजे कोणी, तर चित्रापूर सारस्वतांनी. गावातून उखडलेल्या माणसाला आपली बोली, आपलं लोणचं, आपल्या लग्नाच्या मुली जवळ हव्यात, यात वावगं काही नाही. अडचण अशी की ‘आपली माणसं’ हा निकष एकदा दारावर लावला की तो कोणालातरी बाहेर ठेवल्याशिवाय चालतच नाही.

हे समजायला मला मुंबईची गरज नव्हती. बडोद्यात आमचं घर दांडिया बाजारात. लहानपणी दर रविवारी आम्ही कमाटी बागेत जायचो. कागदोपत्री ती सयाजी बाग. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात आपल्याला घेणार नाहीत हे त्यांना ठाऊकच होतं. ते पारशांच्या एका धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून राहिले. वरच्या मजल्यावर एकटे, कंदिलाच्या उजेडात वाचत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनी सभ्य कारणं दिली. मुंबईची गाडी रात्रीची. मधले तास त्यांनी काढले ते कमाटी बागेत. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आज बागेत त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. आमच्या लहानपणी आम्हाला तिथली छोटी आगगाडी तेवढी दाखवली जायची.

मुंबईत ते परळच्या बीआयटी चाळीत राहत. दोन खोल्या, सामाईक संडास, त्याच ट्रस्टने बांधलेली चाळ. वर्षानुवर्षं त्यांचं बिऱ्हाड तिथेच होतं. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एक यशवंतराव तेवढे राहिले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, पुस्तकं मावतील असं. चाळ आणि कॉलनी ही एकाच ट्रस्टची दोन टोकं, आणि मधलं अंतर चालत तासाभराचंही नाही. पण हे अंतर भाडेकरू म्हणून नव्हे, मालक म्हणून ओलांडावं लागलं, असं मी समजते. रमाबाईंना तिथे फार दिवस लाभले नाहीत. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या.

अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तीत राहायला जागा घेण्यापासून अडवणं हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. कायदा आजही आहे. पण घरमालक कारण सांगतोच कुठे? तो म्हणतो, ‘जागा गेली.’ आणि दुसऱ्या बाजूला २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य, हा आधार. निकाल मी दोनदा वाचला. त्यातला तर्क मला कळतो. कमाटी बागेत बसलेल्या माणसाला तो कसा समजावून सांगायचा, ते कळत नाही.

भाड्याच्या जागा पुढे दुर्मिळ का झाल्या, हे थोडक्यात सांगते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. बसलेल्या भाडेकरूला त्याने खरोखर वाचवलं. माटुंग्यातली किती पेन्शनर जोडपी त्या कायद्यामुळे आपल्या घरात म्हातारी झाली असतील. पण नवीन इमारत भाड्याने द्यायला कोणी बांधेना. जुनी जागा हवी तर पागडी मोजा. पुढे १९६३ च्या कायद्याने मालकी हक्काच्या फ्लॅटला चौकट मिळाली आणि ‘ओनरशिप’ हा मराठी शब्द झाला. १९७३ मध्ये तेव्हाच्या लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हापासून मालक आणखी सावध झाले. आज तुम्ही मुंबईत घर भाड्याने घेता तेव्हा कायद्याच्या लेखी भाडेकरू नसता. लिव्ह अँड लायसन्सवर, बहुधा अकरा महिन्यांसाठी, मालकाच्या परवानगीने राहणारे लायसन्सी असता. बिऱ्हाडकरूचा भाडेकरू झाला आणि भाडेकरूचा लायसन्सी. अकरा महिन्यांत शाळेचं एक वर्ष मावतं, जेमतेम.

आम्ही तिघींनी अठरा घरं पाहिली. एजंट फोनवर पहिला प्रश्न विचारायचा, ‘फॅमिली आहे ना?’ मी हो म्हणायचे. मग भेटल्यावर तो आमच्यामागे बघायचा, अजून कोणीतरी जिना चढून येईल म्हणून. ‘मिस्टर कुठे असतात?’ नाहीत, एवढंच मी सांगायचे. ‘तसं काही नाही मॅडम, पण सोसायटीला फॅमिली हवीय.’ शहरात कुटुंबच नव्हतं तेव्हा कोणालाही फॅमिली चालली असती. आता आजी, आई आणि नात या तीन पिढ्या उभ्या असून फॅमिली भरत नव्हती. एके ठिकाणी आडनाव ऐकल्यावर ‘म्हणजे कोण?’ असं विचारलं गेलं. आईने नुसतं ‘बडोद्याचे’ म्हणून सांगितलं. एके ठिकाणी सगळं जमलं आणि मालकीणबाई म्हणाल्या, मासे नाही ना करत? लेक म्हणाली, करतो की, शुक्रवारी. तिला मी काही बोलले नाही.

हिंदू कॉलनीचा नाद भाड्याच्या आकड्यानेच सोडवला होता. शेवटी जागा मिळाली ती विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. या वसाहतीचं नाव त्या उपनगरांच्या यादीत कोणी घेतलं नव्हतं. सरकारी हाउसिंग बोर्डाने बांधलेल्या वसाहतींपैकी ही एक. मुख्यमंत्री असतानाच १९६३ मध्ये निधन झालेल्या मारोतराव कन्नमवारांचं नाव तिला दिलं आहे. अशा वसाहतींत घरं दिली गेली ती जात किंवा बोली बघून नव्हे, उत्पन्नगट बघून. त्यामुळे शेजारी आपण निवडायचे नाहीत, पगाराच्या चिठ्ठीने दिलेले घ्यायचे. देखणी वास्तू यात काहीच नाही. ओळीने उभ्या चारमजली इमारती, काही आता पाडून वीस मजल्यांच्या होताहेत, सिमेंटची धूळ दिवसभर. पण आमच्या मजल्यावर एक सातारकडचं कुटुंब आहे, एक रत्नागिरीचं बौद्ध, एक आझमगढचं, आणि चौथ्या आम्ही. त्यांची पोरं संध्याकाळी खाली कोणत्या भाषेत भांडतात ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

नव्याने येणाऱ्याला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. घर दुपारी बघू नका. पाणी ज्या वेळी येतं त्या वेळी बघा, मग जिन्यात भेटणारी माणसंही दिसतात. शाळेची बस कुठे थांबते ते मुलाला घेऊन चालून पाहा. स्टेशन नकाशात जवळ दिसलं तरी मधे पूल आहे की फाटक, ते पावसाळ्याच्या हिशेबाने विचारा. आणि एजंटने फॅमिली म्हटलं की त्याचा अर्थ त्यालाच विचारा, पहिल्याच फोनवर. अठरातल्या निदान नऊ फेऱ्या वाचतील.

कराराची नोंदणी करायला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. मालक निवृत्त बेस्ट कंडक्टर, मुलाकडे ठाण्याला राहतात. मसुद्यात एक कलम होतं: जागेचा वापर लायसन्सी आणि तिचे कुटुंबीय यांच्या निवासासाठीच करता येईल. खाली कुटुंबीयांची नावं आणि नाती लिहायला दोन रकाने. आईने चष्मा लावून ते कलम वाचलं आणि आपलं नाव नीट, वडिलांच्या नावासकट लिही म्हणाली. तिचं लिहिलं, लेकीचं लिहिलं. मुलाने विचारलं, अजून कोणी? नाही म्हटल्यावर त्याने उरलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि माझा अंगठा मागितला.